गार, पुल्लिंगी

हिरडाटोला, ता. सालेकसा, जि. गोंदिया
२ एप्रिल २००४

चैतराम, आशीर्वाद.

पत्र पाहून घाबरू नको, घरचे सारे जिते आहेत. फोनच केला असता. पन गावात एसटीडी एकच, अन् ते गुलाबचंद सेठच्या मुनीमाच्या घरी. तिथं आपन एक मिनिट बोलतो अन् गाव आठ दिवस आयकते. म्हनून हे पाकीट.

आपल्या मोठ्या तऱ्यात मशीन उतरली आहे. पोकलेन म्हनतात तिले. गोंदियाच्या या सेठनं सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत हात जोडून सांगतलं, "तालाब साफ करके देता हूँ, फोकट में. पुण्य का काम है." पुन्य अन् तेही फोकट, मंग कोन नाही म्हनते? हात वर झाले, ठराव झाला. ठरावात लिहिलं का गार काढून नेन्यास हरकत नाही. मार्चात मशीन आली. सहा दिवस तिनं गार काढला. सातव्या दिवशी गार संपला, पन मशीन थांबली नाही. गाराच्या खाली चिकन मातीचा थर होता, आपल्या आजाच्याही आजानं रेड्यांकडून तुडवून घेतलेला. तो फोडला. त्याच्या खाली मुरूम, अन् मुरमात डारिंबाच्या दान्यावानी लाल खडे. मानिक म्हने. शहरात लोक बोटात घालतात, साहेबाची मर्जी बसावी म्हनून.

आता पंप लावून मुरूम धुऊन राहिले. नाला लाल झाला. मासोऱ्या पोट वर करून वाहून राहिल्या. तऱ्यात गुडघाभर पानी उरलं होतं, ते त्या खड्ड्यातून खाली कुठं जाते ते कोनाले दिसत नाही. पावसाच्या आधी खड्डा बुजला नाही तर तरा पानी धरनार नाही. खालची दोनशे एकर धानाची बांधी या एका तऱ्यावर आहे, हे तुले सांगाचं काम नाही. तुझी फी त्याच धानातून गेली.

आमी मशीनपुढं उभे राहिलो तर सेठनं दोन कागद काढले. एक आपला ठराव. दुसरा पुन्याच्या कोन्या पंडिताचा, सहीशिक्क्याचा: गार म्हनजे पांढरा कठीन दगड. "पत्थर की परमिशन तो आपने ही दी है, बाई." त्या दोन कागदांवर त्यानं वरून परवानाही आनला आहे.

तू चोवीस वर्षं शब्दकोशाच्या कचेरीत आहे. कागदाले कागद पाहिजे. तुझा कागद पाठव.

बाई


पुणे
१३ एप्रिल २००४

ती. बाईस नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. क्रम उलटा हवा होता, पण शब्दांच्या धंद्यात माणूस असा बिघडतो.

तुला वाटतं सेठनं फसवलं. अगं, आपल्याला आपल्या जिभेनं फसवलंय. आपल्या झाडीपट्टीत ळ हे अक्षर कुणी आणलंच नाही. डोळ्याला आपण डोरा म्हणतो, शाळेला शारा, तळ्याला तरा, आणि गाळाला गार. बोलायला ठीक आहे. शेजाऱ्याला कळतं, म्हशीला कळतं. पण ते कागदावर उतरवायचं? पुण्यात आलो त्या आठवड्यात मी खानावळीत "एक केर द्या" म्हणालो. मला केळं हवं होतं. वाढप्यानं कोपऱ्यातल्या केरसुणीकडे बोट दाखवलं आणि अख्खी पंगत हसली. पुढे दोन महिने आरशासमोर उभा राहून जीभ टाळूकडे वळवत होतो, तेव्हा कुठे माणसांत आलो.

तर तो ठराव लिहिणारा महापुरुष कोण? ग्रामसेवक असेल तर त्याची बदली करा. आणखी कुणी असेल तर त्याला सातवीत परत बसवा. एका अक्षरापायी तळं घालवलं त्यानं.

शब्दाचं म्हणशील, तर कोशात गार म्हणजे पांढरा कठीण दगडच. ज्या कुणी तो अभिप्राय दिला असेल, त्याला चूक म्हणता येणार नाही. मी सरकारी नोकर, उलटा कागद देऊ शकत नाही, नियम आहेत. माझं ऐक, भाषेच्या भानगडीत पडू नका. नवा ठराव करा आणि त्यात 'गाळ' असं स्वच्छ लिहा. ळ ला दोन वाटोळी असतात, तेवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं.

बाकी इकडे ठीक.

तुझा,
चैतराम


हिरडाटोला
२० एप्रिल २००४

चैतराम,

आशीर्वाद आहेच, तो कायमचा आहे. राग या पत्रापुरता.

तो महापुरुष मी होये.

ग्रामसेवक त्या दिवशी लग्नाले गेल्ता. मी वार्ड मेंबर. सरपंच म्हने, नंदाबाई, तुमचं अक्षर चांगलं आहे, तुमी लिवा. लिवलं. अन् मले सातवीत बसवाची गरज नाही, मी सातवी पास आहे, वर्गात पहिली. आठवीची शारा आमगावले होती अन् बापाजवर सायकल एकच होती. तिच्यावर कोन बसलं ते तुले मालूम आहे. त्याच सायकलनं तू ळ आनाले गेला. हे घे: ळ ळ ळ. येते मले. तोंडात नाही म्हनून कागदावर आला नाही. तुझ्या ळ मधी दोन वाटोरे राहतात, इथं साऱ्या गावाचं एकच होऊन राहिलं आहे.

नवा ठराव केला. वरचे म्हनतात, पहिल्या ठरावाचा अर्थ दुसरा होता हे साबित करा, मंग पाहू. चोवीस मेले सालेकश्याच्या कचेरीत साहेबापुढं सुनावनी आहे. तवापर्यंत मशीन चालूच.

पानठेल्यावरचा शालीकराम मले पाहून जोरानं म्हनते, "एक अक्षर शिकाचं राहिलं अन् तरा गेला." मी म्हनलं, तुझे तर अर्धे अक्षर शिकाचे राहिले, तुझं काय गेलं? पन बाया चूप बसतात ते जास्त लागते. मी विहिरीवर गेली का बोलनं थांबते.

माहा देर वीरेंद्र सेठच्या चारनीवर जाते, मुरूम चारून खडे निवडाले. मी म्हनलं, अरे, आपलाच तरा फोडाले जाते? तर म्हने, "वहिनी, तरा तुमचा. मी लोकाची बांधी अधियानं करतो, अर्धं पीक मालकाले. तऱ्यानं मले काय देलं? सेठ रोजचे सत्तर देते." खोटं नाही त्याचं. मी एवढंच बोलली का खडे सहा महिन्यात संपतीन, मंग अधियानं कराले तरी बांधी पाहिजे का नाही? तो जेवता जेवता उठून गेला.

ठरावाची पुरी नक्कल देऊन राहिली. सारा वाच. पुरी गोष्ट मालूम नसताना लोकाले सातवीत बसवत जाऊ नको.

"ठराव क्र. ७. मोठ्या तऱ्यातील गार काढून नेन्यास श्री. गुलाबचंद यांना हरकत नाही. काम उन्हाऱ्यात करावे. पारीले हात लावू नये. कमर तोडू नये. निघालेला गार आधी गावाने घ्यावा, उरलेला श्री. गुलाबचंद यांनी न्यावा. सर्वानुमते मंजूर."

नंदाबाई, मेंबर, वार्ड दोन


पुणे
३० एप्रिल २००४

ती. बाई,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितो आहे. पहिली दोन फार सुरेख उतरली होती, म्हणून फाडली.

तो पुण्याचा पंडित मी आहे.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला सफारीतला एक गृहस्थ कचेरीत आला. म्हणाला, एका कामासाठी शब्दाचा अर्थ हवाय. चिठ्ठीवर एकच ओळ: 'गार काढून नेण्यास हरकत नाही.' गावाचं नाव नाही, तळ्याचं नाव नाही. मी कोश उघडला, अर्थ उतरवला, सही केली, शिक्का मारला. इथपर्यंत माझी बाजू कुणीही घेईल. आठ दिवसांनी तो परत आला आणि टेबलावर एक पुडी ठेवून गेला. "आपके लिए. शुभ रहेगा." आत लाल खडा. तुझ्या भावजयीच्या, दुर्गेश्वरीच्या, ज्योतिषानं माझ्या बढतीसाठी माणिकच सांगितला होता. ती म्हणाली, बघा, योग कसा जुळून आला. मी तो अंगठीत बसवला.

तुझ्या पहिल्या पत्राचं पाकीट मी त्याच बोटानं फोडलं. डारिंबाचा दाणा वाचला, बोटाकडे पाहिलं, आणि तरी तुला नियम सांगितले. वर तुलाच सातवीत बसवलं. गार म्हटल्यावर मला गाळ आठवायला हवा होता, तो शब्द मी आईच्या तोंडून शिकलो. पण मी चोवीस वर्षं विसरायचा सराव केला आणि तो नेमका कामी आला. तू शब्द लिहिलास, मी त्याला अर्थ दिला, आणि सेठनं दोन्ही जोडून आपल्या तळ्याला भोक पाडलं.

आता तुझ्या ठरावाचं. चार वेळा वाचला. बाई, तू चुकलेली नाहीस. कोशातली गार, दगडाची, ती स्त्रीलिंगी आहे. ती गार. निघालेली, उरलेली. तू काय लिहिलंस? 'निघालेला गार घ्यावा, उरलेला न्यावा.' चार ठिकाणी पुल्लिंग! दगडाची गार मराठीत पुरुष होऊ शकत नाही. गाळ मात्र पुरुष आहे. सेठच्या माणसानं चिठ्ठीवर नेमकी पहिली ओळ उतरवली, कारण लिंग दिसत नाही ती तेवढीच ओळ आहे.

आणखी एक. खडा माझ्या टेबलावर फेब्रुवारीत आला आणि मशीन मार्चात उतरली. म्हणजे तळ्याच्या पोटात काय आहे ते सेठ आधीच चाचपून गेला होता. पुण्य नंतर सुचलं.

रजेचा अर्ज दिला आहे. मिळो न मिळो, सुनावणीला येतो. तू शिव्या घालणार असशील तर स्टेशनवर घाल, घरी भाचे असतात.

चैतराम


हिरडाटोला
८ मे २००४

चैतराम,

मले मालूम होतं.

सेठनं कागद दाखवला तवाच तुझी सही ओरखली. तुझ्या च ले लहानपनापासून पोट नाही. मीच पाटीवर गिरवून घेऊन राहिल्ती अन् तू रडून अर्ध्यात पराला. गावात कोनाले सांगतलं नाही. तुले कागद मागितला तो कागदासाठी नाही मागितला. तू कवा सांगतो ते पाहून राहिल्ती. दोन पत्रं लागले. आपल्या बापाले तर चूक कबूल कराले पावसारा लागत होता.

तुह्या पुल्लिंगाचं वाचून मी एकटी चुलीपुढं हसली. मी काही ठरवून लिवलं नाही. गार तो गारच असते. त्याले बाईमानूस कोन म्हनन?

ये. पन दोन गोष्टी. अंगठी घेऊन ये, बोटात नाही, पुडीत. अन् साहेबापुढं तिकडली भाषा बोलू नको. ते त्यांच्या वकिलालेही येते.

मी कचेरीत नाही येनार. सेठचा मुनीम सांगून राहिला का चोवीस तारखेले दुप्पट खोदू, मंग निकाल काही लागो. म्हनून त्या दिवशी आमी बाया खड्ड्यात बसनार आहो. मशीन आमच्यावरून तर जानार नाही. विहिरीवर माह्यासोबत न बोलनाऱ्या सुशीलाबाईनं निरोप देला, मीही येतो म्हनून. म्हनजे बोलली.

बाई


गाडीत, नागपूरच्या पुढे
२४ मे २००४

ती. बाई,

रजा एकाच दिवसाची मिळाली, म्हणून कचेरीतून थेट स्टेशन गाठलं. तू खड्ड्यात होतीस, तुला भेटताही आलं नाही. काय झालं ते दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच लावून सांगतो. अक्षर हलतंय, ते गाडीमुळे.

सेठच्या वकिलानं माझंच प्रमाणपत्र माझ्या नाकापुढे धरलं.

"ही सही आपली?"

"माझीच."

"गार म्हणजे काय लिहिलंय आपण?"

"पांढरा कठीण दगड."

"मग आज स्वतःलाच खोटं पाडायला आलात?"

सेठ हसला. साहेब तरुण, कोल्हापूरकडचे, त्यांनी घड्याळ पाहिलं. मी घसा खाकरून पुण्याचं एक भारदस्त वाक्य जुळवलं. ते बाहेर आलंच नाही. आलं ते असं: "साहेब, मी तवा अर्धाच कागद पाह्यला. चूक माही होये. आता पुरा वाचतो."

बाई, चोवीस वर्षांनी. जीभ घरी आल्यासारखी सैल पडली.

ठराव वाचत गेलो आणि 'कमर तोडू नये' वर थांबलो. "वकीलसाहेब, कोशात कमर म्हनजे काय?"

"कंबर."

"म्हनजे तऱ्याची कंबर मोडू नये, असा ठराव आमच्या गावानं केला?"

साहेबांनी मान वर केली. "तळ्याला कंबर असते का हो?"

"कमळ असते, साहेब. आमी त्याले कमर म्हनतो. पार म्हनजे तऱ्याची पार, तुमची पाळ, झाडाचा पार नाही. उन्हारा म्हनजे उन्हाळा. या साऱ्या कागदावर ळ एकदाही नाही. मंग एकट्या गारालेच काऊन पुन्याले पाठवता?"

वकील काही कच्चा नव्हता. म्हणाला, उन्हारा कोशात सापडत नाही, म्हणून तो बोलीतला धरू. गार सापडते, म्हणून ती कोशाप्रमाणेच वाचावी लागेल. साहेबांनी मान डोलावली. तेवढ्यात दार ढकलून टिकाराम पट्टेवाला आत.

"साहेब, जेवनाची वेर झाली."

साहेब दचकले. "वैर? कुणाचं कुणाशी?"

"वैर नाही जी, वेर! घड्यारात पाहा ना, एक वाजून राहिला."

आधी भिंतीकडचा कारकून हसत सुटला, मग गावचे लोक, मग साहेब स्वतः. टिकाराम बिचारा आपली टोपी चाचपत होता, काय चुकलं म्हणून. कोशातला शब्द धरला की काय होतं, ते साहेबांनीच करून दाखवलं होतं. सेठ तेवढा हसला नाही. वकिलानं त्याच्याकडे पाहिलं आणि कागद आवरायला लागला. मी म्हटलं, थांबा, मुख्य मुद्दा अजून राहिला. आणि मग चार पुल्लिंगं एकेक करून टेबलावर मांडली. साहेबांनी कोश मागवला. कचेरीत कोश होता, वर धूळ होती. त्यांनी स्वतः 'गार' काढला आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "स्त्री." मग ठराव वाचला, "निघालेला." परत कोश. परत ठराव. मग वकिलाला विचारलं, "काय म्हणता?" वकील म्हणाला, लिहिणाऱ्या बाईंचं शिक्षण कमी आहे, लिंगात चूक झाली असेल.

"एकदा होईल. चारदा?" साहेब म्हणाले. "वाक्यं तर माझ्या कारकुनांपेक्षा नीट आहेत."

शेवटी मी पुडी सोडली. खडा कुणी दिला, कधी दिला, बोटात किती दिवस होता, सगळं सांगितलं. सांगताना सेठकडे नाही पाहिलं, तुझ्या वार्डातल्या लोकांकडे पाहिलं. ते जास्त अवघड होतं.

निकाल दोन दिवसांत देणार. वकील जाताना म्हणाला, आपल्या कचेरीला कळवावं लागेल. म्हटलं, कळवा, फक्त लिंग सांभाळा.

चैतराम


हिरडाटोला
१४ जून २००४

चैतराम,

परवाना रद्द झाला! आर्डर आली त्या दिवशी तुले तार कराची होती, पन हातात माती होती. ते खाली सांगतो.

आर्डरमधी लिवलं आहे: "ठरावातील 'गार' हा शब्द पुल्लिंगी असून त्याचा अर्थ गाळ असाच होतो." शालीकरामनं तो कागद पानठेल्यावर साऱ्यांपुढं वाचला, मी उभी असताना. 'पुल्लिंगी'वर तीनदा अडखरला. मी म्हनलं, राहू दे, आधी सातवी पास हो. साऱ्यांसोबत तोही हसला, अन् मले फुकटचं पान देलं. त्याच्या ठेल्यावर फुकट पान मिरनारी मी पहिलीच.

आमी बाया खड्ड्यात बसलो तवापासून मशीन बंदच होती. साहेब स्वतः तऱ्यात उतरले. खड्डा पाहून दंड लावला अन् मशीनले जागच्या जागी लाखेची सील ठोकली. सेठ म्हने, "साहब, बाहर तो निकालने दो." साहेब म्हनले, सील तुटली तर गुन्हा दाखल होईल. दंडावर सेठनं अपील केलं आहे. अपील चालू, सील चालू.

खड्ड्याचं काम आमचं. सरकार म्हने, मंजुरीले तीन महिने. पाऊस काही मंजुरीसाठी थांबत नाही. सत्तावीस मेले सुरू केलं. पोटबोडीची, म्हनजे लहान तऱ्याची, चिकन माती आनून थर टाकाचा, पानी शिंपाचं, अन् रेडे गोल फिरवून तुडवाचा. मंग दुसरा थर. म्हाताऱ्या छोटेलालले सोडून ते काम कोनाले येत नव्हतं. तो पारीवर खाट टाकून बसला अन् तिथून साऱ्यांच्या मायबापाले शिव्या देऊन राहिला. पाय दाबला अन् पानी वर आलं का थर कच्चा, पुन्हा तुडवा. आजूबाजूच्या चार टोल्यांचे रेडे आले. पाचव्या दिवशी वीरेंद्र आला, चारनीवरचे नऊ जन घेऊन. म्हने, "सत्तर रुपये बंद झाले, म्हटलं हातपाय तरी चालू ठेवू." मी रेड्याची दोरी हातात देली.

अकरा तारखेले शेवटचा थर बसला. बारा तारखेले पाऊस आला अन् खड्ड्याच्या जागी वीतभर पानी साचलं. मी तिथं काडी रोवून तिले कोयत्यानं खून केली. रोज सकारी जाऊन पाहून राहिली. आज तिसरा दिवस. पानी खुनीच्या खाली गेलं नाही.

धरून राहिला, चैतराम! तरा पानी धरून राहिला!

बाई


पुणे
६ जुलै २००४

ती. बाई,

तुझं पत्र मी कचेरीत मोठ्यानं वाचलं. टाळ्या नाही वाजल्या, पण दोघांनी चहा पाजला, आणि इथं तो टाळ्यांच्या वरचा मान आहे.

वकिलानं कळवलं. लाल खडा घेतल्याबद्दल लेखी ताशेरा मिळाला. तो बरोबर आहे, मी जपून ठेवला आहे. शिवाय मला 'ग' वरून काढलं आणि नवं टेबल दिलं. अक्षर कोणतं? ळ. बाई, मराठीत ळ नं सुरू होणारा एकही शब्द नाही. साडेदहाला मी एका रिकाम्या कप्प्यासमोर बसतो आणि साडेपाचला त्याला कुलूप लावतो. शिक्षा देणाऱ्याला विनोदबुद्धी आहे हे कळल्यापासून माझा त्याच्यावरचा राग गेला.

रिकामा किती बसणार? मी झाडीचे शब्द लिहायला घेतले. उन्हारा, वेर, कमर, बगरा, गार (पु.). तीनशे बारा झाले. वरिष्ठ विचारत होते, हे कोणत्या अक्षराखाली लावायचे? म्हटलं, ळ खालीच. जिथं तो नाही, ते सगळे माझ्याकडे.

दुर्गेश्वरीच्या ज्योतिषानं आता पुष्कराज सांगितला. मी म्हटलं, आधी तो कुणाच्या तळ्यातून आणलाय ते विचार. बोट मोकळंच आहे.

तऱ्यातून पाणी सोडतात त्या जागेला आपण काय म्हणतो? मला आठवत नाही, आणि आता न आठवण्याची लाज वाटते.

तुझा,
चैतराम


हिरडाटोला
१७ ऑक्टोबर २००४

चैतराम, आशीर्वाद. या वेरेस राग नाही.

तुडूम म्हनतात त्याले. पारीच्या पोटात दगडाचं बांधकाम, त्यात भोक, भोकात लाकडाचं बूच. बूच काढलं का पानी खालच्या बांधीत. लिहून घे. पुल्लिंगी आहे का काय ते तू पाहा.

तरा यंदा काठोकाठ भरला. मशीन गर्‍यापर्यंत पान्यात आहे. वर एक हात तेवढा राहिला, त्यावर बगरे बसतात. सील पान्याखाली आहे, पन तुटली नाही, म्हनून गुन्हा नाही. कचेरीचा मानूस येऊन पंचनामा करून गेला: "मशीन जागेवर आहे."

सेठचं अपील गेल्या महिन्यात फेटारलं. त्यानं दंड भरला अन् दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आला, तसाच हात जोडून. "मशीन किराये की है, बाई. तालाब खाली कर दो, दो दिन का काम है." सरपंचानं माह्याकडं पाहिलं. आता काही अडलं का सारे माह्याकडं पाहतात, अन् बाया तर विहिरीवर घागर भरूनही घरी जात नाही, बोलत बसतात. मी उठली. म्हनलं, सेठजी, धान निसवला आहे, दाना भरून राहिला. आता धान सोडून दुसऱ्या कोनासाठी थेंब सुटनार नाही.

"कब तक?"

"धान म्हनन तवर."

"धान कब बोलेगा?"

तर मांगून वीरेंद्र म्हने, "सेठ, धान आमच्या भाषेत बोलते. तुमाले समजनार नाही."

सारी सभा लोटपोट. हात वर झाले, मी मोजाले लागली अन् मधातच सोडून देलं. खाली एकही हात नव्हता.

आज सकारी तुडूम उघडला. छोटेलालले खाटेसकट पारीवर आनलं, बूच त्यानंच काढलं. पानी सुटलं ते आवाज करत सुटलं. आमी सारे पारीवर उभे, अन् लोक खाली बांधीबांधीत फावडे घेऊन. पहिल्या बांधीत पानी पोचलं, तिथून हाक आली, "आलं!" मंग दुसरीतून. मंग नाल्यापलीकडून. मानसं दिसत नव्हते, धान एवढा उभा आहे, नुसत्या हाका येऊन राहिल्या. दुपार झाली. शेवटची बांधी रेल्वेच्या लाइनजवर, तिथून काही आयकू येत नाही. आमी कान देऊन उभे. मंग तिकडल्यानं अलीकडल्याले सांगतलं, त्यानं त्याच्या अलीकडल्याले, अन् अशी एकेका बांधीतून चढत चढत ती हाक दोनशे एकर चालून पारीवर आली.

"आलं!"

मीही ओरडली, चैतराम. गरा बसला आहे, म्हनून लिहून राहिली.

बाई